लाडक्या प्रेमकादंबरीवर सिनेमा येतोय: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

एखाद्या लाडक्या कादंबरीवर सिनेमा निघणार अशी कुणकुण लागली, की वाचकांचे प्रश्न सुरू होतात आणि पोस्टर लागेपर्यंत थांबत नाहीत. कादंबरीचं नाव तेवढं बदलतं, प्रश्न बहुतेक तेच. म्हणून ते इथे एकत्र करून उत्तरं दिली आहेत. उदाहरणं मुख्यतः मराठीतली घेतली आहेत, कारण त्यातली पुस्तकंही बऱ्याच जणांनी वाचलेली असतात आणि सिनेमेही पाहिलेले असतात. कुठल्याही गोष्टीचा शेवट फोडलेला नाही, तेव्हा निर्धास्त वाचा.

१. अमुक कादंबरीवर सिनेमा येतोय अशी बातमी वाचली. म्हणजे नक्की येतोय ना?

अजून नाही. बातमी कुठल्या टप्प्यावरची आहे ते आधी बघा. "हक्क घेतले" ही सगळ्यात पहिली पायरी, आणि बरेच प्रकल्प याच पायरीवर बसून राहतात. त्यानंतर पटकथा लिहून व्हावी लागते, पैसा लावणारा माणूस मिळावा लागतो, कलाकारांच्या तारखा जुळाव्या लागतात. मुहूर्ताचा नारळ फुटला तरी फार हुरळून जाऊ नका. मुहूर्त होऊन पुढे एकही दिवस शूटिंग न झालेले सिनेमे आपल्याकडे कमी नाहीत. शूटिंग संपल्याची बातमी आली की थोडा विश्वास ठेवायला हरकत नाही. प्रदर्शनाची तारीख जाहीर झाली आणि सेन्सॉरचं प्रमाणपत्रही मिळालं, की मग घरच्यांना सांगा. टीझरमध्ये नुसतं "लवकरच" लिहिलेलं असेल तर त्याचा अर्थ "अजून आम्हालाही माहीत नाही" असा घ्यावा.

२. एवढी वर्षं का लागतात? पुस्तक तर तयारच आहे!

पुस्तक तयार आहे हीच तर अडचण असते. नवी कथा लिहिताना पटकथाकार ती सिनेमाच्या मापानं बेततो. कादंबरी मात्र दुसऱ्याच मापाची असते आणि ती आधी उसवावी लागते. मिलिंद बोकीलांची 'शाळा' २००४ साली आली, त्याच नावाचा मराठी सिनेमा चित्रपटगृहांत लागला जानेवारी २०१२मध्ये. सचिन कुंडलकरांची 'कोबाल्ट ब्ल्यू' २००६ची, सिनेमा २०२२चा, आणि इथे तर लेखक स्वतःच सिनेमावाले! सुहास शिरवळकरांच्या 'दुनियादारी'वर कॉलेजच्या दोन-तीन पिढ्या पोसल्या गेल्या, मग कुठे २०१३च्या जुलैमध्ये सिनेमा आला. तुमच्या कादंबरीला पाच-सात वर्षं लागत असतील तर ते चारचौघांसारखंच चाललं आहे.

३. "हक्क विकले" म्हणजे नेमकं काय विकलं? कायमचं विकलं?

करारात लिहिलं असेल तेवढंच. कादंबरीवर सिनेमा करण्याचा हक्क हा पुस्तक छापण्याच्या हक्काहून वेगळा असतो. लेखकानं प्रकाशकाला छापायला दिलं म्हणून सिनेमाचा हक्क आपोआप प्रकाशकाकडे जात नाही. तसं करारात लिहून दिलं असेल तर गोष्ट वेगळी.

भारतीय कॉपीराइट कायद्याचं कलम १९ इथे लेखकाच्या बाजूचं आहे. हक्क किती वर्षांसाठी दिले ते करारात नसेल तर ते पाच वर्षांसाठी समजले जातात. कुठल्या प्रदेशासाठी ते नसेल तर फक्त भारतापुरते. आणि हक्क घेणारा वर्षभर नुसताच त्यावर बसून राहिला तर हस्तांतरण संपुष्टात येतं. मात्र "करारात वेगळं काही म्हटलं नसेल तर" ही मेख आहे, आणि निर्मात्यांचे वकील करारात वेगळं काहीतरी म्हणतातच. म्हणून एखाद्या कादंबरीचे हक्क वर्षानुवर्षं कोणाच्या तरी कपाटात पडून आहेत असं ऐकू येतं, तेव्हा ते खरं असू शकतं.

४. लेखक हयात नाहीत. मग परवानगी कोणाची घ्यायची?

वारसांची. आपल्याकडे कॉपीराइट लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षं टिकतो, आणि ती ६० वर्षं मृत्यूच्या पुढच्या वर्षाच्या १ जानेवारीपासून मोजतात. शिरवळकर २००३ साली गेले, म्हणजे 'दुनियादारी' पडद्यावर आलेली त्यांनी पाहिली नाही आणि हक्क अजून बरीच वर्षं कुटुंबाकडेच राहतील. वि. स. खांडेकर १९७६ साली गेले, त्यांचं लेखन २०३६ अखेरपर्यंत संरक्षित आहे. ना. सी. फडके १९७८ साली गेले, त्यांचं २०३८पर्यंत. फडक्यांच्या नायक-नायिकांना पुन्हा टेनिस खेळताना पाहायचं असेल तर तोवर निर्मात्याला रीतसर परवानगी लागेल.

मुदत संपली की कोणीही सिनेमा करू शकतो. हरिभाऊ आपटे १९१९ साली गेले, त्यांच्या कादंबऱ्या कधीच मोकळ्या झाल्या आहेत. शरच्चंद्र १९३८ साली गेले. त्यांच्या 'देवदास'वर १९३५, १९५५ आणि २००२ साली गाजलेले सिनेमे झाले आणि २००९ साली 'देव डी'नं त्याला पंजाब-दिल्लीत नेऊन सोडलं. यातल्या शेवटच्या दोघांना कोणाची सही लागली नसणार.

५. आधी कादंबरी वाचू की आधी सिनेमा पाहू?

हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो, आणि "आधी पुस्तकच" असं ठोकून दिलं की विचारणाऱ्याचं समाधान होतं. पण सरसकट तसं नाही.

कादंबरी 'मी'च्या तोंडून सांगितलेली असेल तर आधी वाचा. 'शाळा'मधला नववीतला मुकुंद जोशी जे सांगतो ते त्याच्या आवाजातच ऐकायला हवं. बांधकाम चालू असलेल्या इमारतीत जमणारी ती चार पोरं, कोण कोणाला 'लाइन' देतंय याचा अखंड हिशेब, आणि शिरोडकर दिसली की त्याच्या डोक्यात उठणारा गोंधळ. हा गोंधळ आपण एकदा त्याच्या शब्दांत ऐकला, की पडद्यावरचा गप्प मुलगाही आपल्याला बोलका वाटतो. उलट केलं तर वाचताना सिनेमातला मुलगाच दिसत राहतो आणि स्वतःचा जोशी मनात उभा करायचा राहून जातो.

कादंबरी घटनांनी गच्च भरलेली, वळणावळणाची असेल तर आधी सिनेमा पाहायला हरकत नाही. नंतर वाचताना पानापानावर जास्तीचं काहीतरी हाती लागतं.

आणि आधीच वाचलेली असेल तर सिनेमाच्या आदल्या आठवड्यात पुन्हा वाचू नका. हा सल्ला कोणाला पटत नाही, पण ऐकून बघा. ताजं वाचून गेलात की तोंडी परीक्षा घेणाऱ्या मास्तरासारखे खुर्चीत बसता आणि "हा प्रसंग आला, तो गाळला" करत राहता. पुनर्वाचन सिनेमा पाहून झाल्यावर करावं.

६. नायिका माझ्या डोळ्यासमोरची नाहीच! हिला कोणी घेतलं?

तुमच्या डोळ्यासमोरची नायिका शेजारच्या वाचकाच्या डोळ्यासमोरही नव्हती. प्रेमकादंबरीत लेखक बहुधा नायिकेचे डोळे, केस आणि एखादी लकब एवढंच देतो. बाकीची आपण आपल्या कॉलेजातून, चाळीतून किंवा शेजारच्या बिल्डिंगमधून भरतो. निर्मात्यानं कोणालाही घेतलं तरी हजारो जण नाराज होणारच.

वयाची तक्रार मात्र रास्त असते. 'दुनियादारी'त कॉलेजकुमार श्रेयस झालेले स्वप्नील जोशी तेव्हा पस्तिशीत होते. कुरबुर झाली, आणि तरीही सिनेमा तुफान चालला, कारण कट्ट्यावरची ती मैत्री लोकांना आपली वाटली. 'शाळा'नं उलटा रस्ता धरला आणि जोशी-शिरोडकरसाठी अंशुमन जोशी आणि केतकी माटेगावकर ही खरोखर शाळकरी वयाची मुलं घेतली. मला विचाराल तर शाळेच्या गोष्टीत दुसरा मार्ग शिल्लकच नसतो. तिशीचा माणूस हाफपँटमध्ये आला की प्रेक्षक हसतो आणि पुढचं प्रेम कोणी मनावर घेत नाही.

७. कलाकारांवरून काही कळत नाही, तर मग बातमीत पाहायचं काय?

पटकथा कोणाची आहे ते. नायक कोण यावर महिनाभर वाद घालणारी माणसं हे नाव कधी विचारत नाहीत, पोस्टरवरही ते तळाच्या बारीक अक्षरांत असतं. आणि कादंबरी तरते की बुडते ते तिथेच ठरतं.

'शाळा'चंच पाहा. सुजय डहाके यांचा तो पहिला चित्रपट, मुख्य मुलं नवखी. पण ५९व्या राष्ट्रीय चित्रपट पुरस्कारांत त्याला सर्वोत्कृष्ट मराठी चित्रपटाच्या जोडीनं आणखी एक पुरस्कार मिळाला, तो साहित्यकृतीवर आधारित सर्वोत्कृष्ट पटकथेचा, अविनाश देशपांडे यांना. रूपांतराच्या कामासाठी तेव्हा वेगळा राष्ट्रीय पुरस्कार होता हेच बऱ्याच जणांना माहीत नसतं.

बातमी हाती आली की तीन गोष्टी बघा. पटकथाकारानं आधी कुठल्या पुस्तकावर काम केलं आहे का? लेखक हयात असतील तर पटकथेत त्यांचा सहभाग आहे का? आणि पटकथेखाली नावं किती आहेत? पाच-सहा नावं दिसली तर मी सावध होतो. पटकथा बऱ्याच हातांतून फिरून आल्याचं ते लक्षण असतं.

८. पण पटकथाकार करतो तरी काय? संवाद तर कादंबरीत आहेतच.

संवाद उचलणं सोपं असतं. जीव जातो तो संवादांच्या मधल्या जागेत. इथे मीच रचलेलं एक वाक्य घेऊ:

"ती जिना उतरून गेली. तिनं वर पाहिलं नाही, आणि मला हायसं वाटलं."

जिना दाखवता येतो, उतरणारी मुलगी दाखवता येते, तिनं वर न पाहणंही दाखवता येतं. "हायसं वाटलं" दाखवता येत नाही. उलट सिनेमात मुलीनं वळून पाहिलं नाही की पोराचं मन मोडलं असाच अर्थ प्रेक्षक घेतो, शंभर सिनेमांनी त्याला तशी सवय लावली आहे. नटानं सुस्कारा सोडला तर तो दुःखाचाच वाटणार.

मग पटकथाकारापुढे मार्ग कोणते? एक, मागून नायकाचा आवाज ऐकवायचा. सोपा उपाय, पण दर दहा मिनिटांनी वापरला की सिनेमाचं नभोनाट्य होतं. दोन, एक मित्र आणायचा आणि नायकानं त्याला सांगायचं, "बरं झालं रे, वर नाही बघितलं." यात गडबड अशी, की कादंबरीतला नायक हे फक्त आपल्याला सांगत होता. मित्राला सांगून टाकणारा मुलगा वेगळ्या स्वभावाचा झाला. तीन, नायकाच्या हातात चिठ्ठी द्यायची. ती जिना उतरत असताना चिठ्ठी मुठीत, ती दिसेनाशी झाली की मूठ सैल पडते आणि चिठ्ठी गुपचूप खिशात जाते.

तिसऱ्या मार्गातली चिठ्ठी कादंबरीत कुठेच नाही. थिएटरमधून बाहेर पडताना कोणीतरी तणतणणार, "हे पुस्तकात नव्हतं!" पण लेखकाला म्हणायचं होतं ते नेमकं याच चिठ्ठीतून पोचलं. रूपांतर चांगलं की वाईट हे मी अशा जागांवर ठरवतो.

९. पानन् पान जसंच्या तसं का घेत नाहीत?

पटकथेचं एक पान म्हणजे पडद्यावरचं साधारण एक मिनिट असा या धंद्यातला ठोकताळा आहे. दोन तासांच्या सिनेमाला सव्वाशेच्या आत-बाहेर पानं, त्यातही निम्मी जागा कोरी. तीनशे पानांची कादंबरी मोठ्यानं वाचायला घेतलीत तर आठ-दहा तास सहज लागतील. म्हणजे बरंचसं गळणारच. आधी उपकथानकं जातात, मग मावश्या-काका जातात, मग दोन मित्रांचा मिळून एक मित्र होतो. वेब मालिका केली तर जागा मिळते, पण मग दर भागाच्या शेवटी उत्कंठा ताणायची म्हणून नको ते घुसडलं जातं. जे गाळलं त्यापेक्षा जे घातलं त्यानं कादंबऱ्या जास्त बिघडल्या आहेत.

१०. शेवट बदलला तर लेखक काही करू शकतो का?

करू शकतो. हक्क विकल्यावरही. कॉपीराइट कायद्याच्या कलम ५७ प्रमाणे आपल्या कृतीची मोडतोड होऊन प्रतिष्ठेला धक्का लागत असेल तर लेखक दाद मागू शकतो, आणि त्याच्या पश्चात वारसही.

यातलं गाजलेलं प्रकरण हिंदी लेखिका मन्नू भंडारी यांचं. त्यांच्या 'आपका बंटी'वर 'समय की धारा' नावाचा सिनेमा निघाला. शीर्षक, संवाद, पात्रं आणि शेवट यांतल्या बदलांवर आक्षेप घेऊन त्या कोर्टात गेल्या. १९८६ साली दिल्ली उच्च न्यायालयानं जे म्हटलं त्याचा मथितार्थ असा: माध्यम बदलताना आवश्यक असतील ते बदल निर्माता करू शकतो, पण मूळ कृती ओळखू येऊ नये इतकी विकृत करू शकत नाही. प्रकरण पुढे आपसात मिटलं, पण निकालातलं विवेचन आजही या विषयात दाखल्यासाठी वापरलं जातं.

११. आणि आम्ही वाचक? सह्यांची मोहीम काढली तर?

काढा. कायद्यानं तुम्हाला काही हक्क नाही. शेवट बदलू नये म्हणून वाचक ओरडले आणि तो बदलला नाही, तर श्रेय घ्यायलाही हरकत नाही. पण त्यापेक्षा पुस्तकाच्या दहा प्रती विकत घेऊन भेट द्या, लेखकाच्या घरी त्याची जास्त कदर होईल.

१२. कादंबरीत एकही गाणं नाही. सिनेमात सहा! हे कशासाठी?

धंद्याचा भाग आहेच, गाणी आधी बाहेर येतात आणि लोकांना थिएटरपर्यंत आणतात. पण तेवढंच म्हणून सोडून देऊ नका. प्र. ८मध्ये जी अडचण सांगितली, म्हणजे मनातलं पडद्यावर कसं आणायचं, तिच्यावर आपल्याकडे सापडलेला सगळ्यात जुना तोडगा गाणं हाच आहे.

'जैत रे जैत' बघा. गो. नी. दांडेकरांची कादंबरी, जब्बार पटेलांचा १९७७चा सिनेमा, ठाकर समाजातल्या नाग्या आणि चिंधीची गोष्ट. मोहन आगाशे आणि स्मिता पाटील. ना. धों. महानोरांचे शब्द, हृदयनाथ मंगेशकरांचं संगीत. यातली गाणी गोष्ट थांबवून उभी राहत नाहीत, गोष्टच गाण्यांमधून पुढे सरकते. 'मी रात टाकली' सुरू झालं की चिंधीनं काय सोडलं आणि कशासाठी, ते वेगळं सांगावं लागत नाही. गद्यात त्याला एक अख्खं प्रकरण लागलं असतं.

'जोगवा'तलं 'जीव रंगला' तसंच. देवीला सोडलेल्या दोन जीवांना एकमेकांबद्दल काय वाटतं हे तोंडानं बोलायची त्यांना मुभाच नाही. हरिहरन आणि श्रेया घोषाल त्यांच्या वतीनं बोलतात. दोघांनाही त्या गाण्यासाठी राष्ट्रीय पुरस्कार मिळाला, संगीतासाठी अजय-अतुल यांना.

तेव्हा प्रश्न गाणी किती याचा नाही. गाणं काढून टाकलं तर गोष्टीत खड्डा पडतो का, एवढं बघा. पडत नसेल आणि मंडळी कारण नसताना बर्फात नाचून येत असतील, तर तुमचा राग योग्य आहे.

१३. कादंबरी पुण्यातली, सिनेमा भलत्याच गावात. हे चालतं का?

'कोबाल्ट ब्ल्यू'बद्दल हे फार विचारलं गेलं. कादंबरीतलं मराठी घर पुण्यातलं. तनय आणि अनुजा ही भावंडं, दोघंही वरच्या खोलीत राहायला आलेल्या एकाच पेइंग गेस्टच्या प्रेमात. सिनेमा गेला कोचीला, आणि भाषाही हिंदी-इंग्रजी झाली. बदल करणारा खुद्द लेखकच होता, त्यामुळे प्र. १०मधला आक्षेप इथे लागूच होत नाही.

दिसायला सिनेमा देखणा झाला, पाणी आणि हिरव्या-निळ्या भिंती नावाला शोभतात. पण मला त्या कादंबरीतलं पुणेरी घर हवं होतं. सगळ्यांना सगळं कळलेलं असतं आणि जेवणाच्या टेबलावर त्याविषयी कोणी चकार शब्द काढत नाही, ती घुसमट वाड्यातून नुकत्याच फ्लॅटमध्ये आलेल्या कुटुंबांची होती. शिवाय पुस्तकाची अर्धी मजा रचनेत आहे. आधी तनय सांगतो, मग तीच गोष्ट अनुजा सांगते, आणि पहिल्या भागात आपण काय काय गृहीत धरून बसलो होतो ते दुसऱ्या भागात उघडं पडतं. पडद्यावर दोघं एकाच वेळी समोर असतात, मग ही गंमत करायची कशी? मराठी येत नसलेल्या मित्रांना द्यायचं असेल तर जेरी पिंटो यांचा इंग्रजी अनुवाद २०१३पासून उपलब्ध आहे.

१४. सिनेमाचं नाव हुबेहूब कादंबरीचं, पण श्रेयनामावलीत लेखकाचं नावच नाही! हा ढापूपणा नाही का?

असेलच असं नाही. नुसत्या शीर्षकावर कॉपीराइट नसतो. 'देसी बॉइज' या हिंदी सिनेमाच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानं २०१५ साली हे स्पष्ट केलं. नुसत्या कल्पनेवरही नसतो: "श्रीमंत मुलगी, गरीब मुलगा, घरच्यांचा विरोध" यावर कोणी मालकी सांगू लागलं तर अर्धी सिनेसृष्टी बंद पडेल. १९७८ साली एका हिंदी नाटकाच्या लेखकानं सिनेमावाल्यांविरुद्ध दाद मागितली होती, तेव्हा सर्वोच्च न्यायालयानं कल्पना सामायिक असू शकते, संरक्षण तिच्या मांडणीला असतं, असं सांगितलं.

म्हणून आधी गोष्ट जुळते का ते पाहा. प्रसंगांची साखळी, पात्रांचे परस्परसंबंध आणि बोलणंसुद्धा जुळत असेल आणि नाव नसेल, तर मात्र पाणी मुरतंय. "प्रेरित" आणि "आधारित" या दोन शब्दांकडेही लक्ष ठेवा. "प्रेरित" लिहिलेलं असेल तर निर्मात्यानं स्वतःला पळवाट ठेवली आहे असं समजा.

१५. दोन कादंबऱ्यांवर मिळून एक सिनेमा असतो का? किंवा एकीवर दोन?

दोन्ही घडलं आहे. 'जोगवा'च्या मागे राजन गवस यांच्या 'चौंडकं' आणि 'भंडारभोग' या दोन कादंबऱ्या आणि चारुता सागर यांची 'दर्शन' ही कथा आहे. एकीकडे जोगतीण, दुसरीकडे जोगत्या. सिनेमानं त्यांची गाठ घालून प्रेमकथा उभी केली. आणि 'शाळा'वर मराठी सिनेमाच्या आधी 'हमने जीना सीख लिया' हा हिंदी सिनेमा येऊन गेला होता. तुम्हाला आठवत नसेल तर त्यात नवल नाही.

१६. साध्या प्रेमकथेला 'ए' प्रमाणपत्र मिळालं तर?

तर निर्मात्याची झोप उडते. 'ए'वाला सिनेमा टीव्हीवर तसाच दाखवता येत नाही, आणि टीव्हीच्या हक्कांचे पैसे मराठी निर्मात्याला सोडवत नाहीत. म्हणून कादंबरीतला धीट प्रसंग पडद्यावर खिडकीच्या पडद्याआड जातो. सेन्सॉरच्या कायद्यातल्या २०२३च्या दुरुस्तीनंतर 'यूए'चे, म्हणजे मुलांनी पालकांच्या मार्गदर्शनाखाली पाहायच्या सिनेमांचे, ७, १३ आणि १६ वर्षांवरील असे तीन गट झाले आहेत, त्यामुळे थोडी सोय झाली. ओटीटीवर थेट येणाऱ्या सिनेमाला सेन्सॉरचं प्रमाणपत्र लागत नाही.

१७. ओटीटीवर येईलच की. थिएटरला कशाला जायचं?

हे वाक्य बोलून झाल्यावर "मराठीत चांगल्या कादंबऱ्यांवर सिनेमे का निघत नाहीत" असं म्हणू नका, एवढीच अट.

पहिल्या शुक्रवार-शनिवार-रविवारचा गल्ला पाहून सोमवारचे खेळ ठरतात. प्रेमकादंबरीचा वाचक स्वभावानं निवांत, तो "पुढच्या आठवड्यात बघू" म्हणतो, आणि पुढच्या आठवड्यात सकाळी पावणेदहाचा एकच खेळ उरलेला असतो. चालत असलेल्या सिनेमालाही जागेसाठी भांडावं लागतं. १९ जुलै २०१३ला आलेली 'दुनियादारी' ऑगस्टमध्येही जोरात होती, तेवढ्यात 'चेन्नई एक्सप्रेस' आली आणि तिच्यासाठी मराठी सिनेमाचे खेळ काढू नयेत म्हणून राजकीय पक्षांना मैदानात उतरावं लागलं. त्या सिनेमाच्या पाठीशी गर्दी होती म्हणून भांडता तरी आलं.

१८. आम्ही महाराष्ट्राबाहेर असतो. आम्हाला कधी दिसणार?

इंदूर, बडोदा, बेळगाव, पणजी अशा ठिकाणी बहुधा लवकर लागतो, पण खेळ मोजकेच असतात. परदेशात स्थानिक महाराष्ट्र मंडळाकडे चौकशी करा. पुरेशी नावं जमली की बऱ्याच ठिकाणी एखादा खास खेळ लावतात. नाहीतर ओटीटी आहेच, आणि तुम्हाला प्र. १७ची अट माफ.

१९. सिनेमाचं पोस्टर मुखपृष्ठावर असलेली आवृत्ती घ्यावी का?

आत मजकूर तोच असतो, आणि अशा आवृत्त्यांनी जुनी पुस्तकं पुन्हा दुकानाच्या दर्शनी भागात येतात, हे चांगलंच आहे. पण पहिल्यांदाच वाचणार असाल तर जुन्या मुखपृष्ठाची प्रत शोधा. नट-नटी रोज मुखपृष्ठावरून तुमच्याकडे बघत असताना स्वतःची नायिका उभी करणं कठीण जातं. वाचनालयातली कोपरे दुमडलेली प्रत उत्तम. आणि ती घेतलीत तर सिनेमा लागण्यापूर्वी परत करा, मागे नंबर लावलेले असतात.

२०. मी वाचली आहे, बायकोनं नाही. ती सारखी विचारते, "शेवटी लग्न होतं का त्यांचं?" सांगू का?

सांगू नका. फारच मागे लागल्या तर "सिनेमात बदललाय म्हणतात" असं सांगून मोकळे व्हा. बदललेला असला तर तुम्ही खरे, नसला तर नुसत्या ऐकीव माहितीचे धनी. मध्यंतरात मात्र त्यांच्या शेजारी बसून गालातल्या गालात हसू नका, त्यावरून ओळखतात. आणि चुकून कळलंच, तर 'शाळा' हाती द्या. ती शेवट आधी कळल्यानं कमी होत नाही.